गोल न करणाऱ्याचा ग्लास

मी भांड्यांवर नावं टाकतो. इतवारीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, एका मोठ्या दुकानाच्या ओट्यावर माझं मशीन आहे. बाबा छिन्नी-हातोडीनं ठिपके ठोकायचे, माझ्याकडे विजेची सुई आहे, फरक एवढाच. लग्न, बारसं, वास्तू, तेरवी, काहीही असो, शेवटी ते माझ्यापाशी एखाद्या ताटावर येऊन बसतं. स्टीलवर खोडरबर चालत नाही. म्हणून मी आधी नाव कागदावर लिहितो, गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवतो, तो हो म्हणाला की मगच सुई लावतो. कोणी घाई केली की मी भडकतो. ओळीत मला तापट म्हणतात, म्हणू देत. चुकलेलं अक्षर ज्याला परत घेता येत नाही, त्यानं थंड डोक्यानं बसावं अशी अपेक्षा करणारे स्वतः कधी सुई धरत नाहीत.

दुसरं म्हणजे मी फुटबॉल खेळतो. एक्केचाळिसावं चालू आहे, तरी खेळतो. आमच्या ओळीची टीम आहे. त्यात दुकानदार आहेत, हमाल आहेत, टेम्पोवाले आहेत, बँकेतला एक कारकूनही आहे. दुकानं उघडायच्या आत प्रॅक्टिस, थंडीच्या दिवसांत रविवारी स्पर्धेच्या मॅची, आणि मॅच झाली की झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे. हरलो तर तर्री जास्त घेतो.

माझी जागा डिफेन्सच्या पुढे, मधोमध. टीव्हीवरचे लोक त्याला होल्डिंग मिडफिल्डर म्हणतात आणि हल्ली त्याचं फार कौतुकही करतात. आमच्या टीममध्ये त्याला नुसतं ‘थांबणारा’ म्हणतात, आणि कौतुक कोणी करत नाही.

आमचे कोच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. आम्ही सर म्हणतो. सरांनी आम्हाला फळ्यावर काही शिकवलं नाही. ते दुकानाच्या काउंटरवर भांडी मांडत. गोलकीपर म्हणजे पातेलं. त्याच्यापुढे चार वाट्या, हा डिफेन्स. बरंच पुढे चार ग्लास एका रांगेत, आणि सगळ्यांच्या पुढे एकटं फुलपात्र, तो आमचा स्ट्रायकर. मग वाट्या आणि ग्लास यांच्या मधल्या रिकाम्या जागेत सरांनी पितळेचा एक गडू ठेवला.

“हा तू,” म्हणाले.

“गडू काहून सर?”

“लवकर लवंडत नाही म्हणून. आता पाह्य.” त्यांनी गडू उचलून ग्लासांच्या पुढे नेला आणि त्या रिकाम्या जागेत बोट ठेवलं. “तू इकडे गेला, तर ही जागा कोणाची? त्यांच्या दहा नंबरची. तो इथं बॉल घेऊन वळला, की ह्या दोन वाट्यांनी काय करावं? पुढं आल्या तर मागं मोकळं, मागं राह्यल्या तर तो डोळे मिटून मारते. तुले बॉल मिळाला नाही तरी चालते. ही जागा कोणाले मिळाली नाही पाह्यजे.”

झालं, एवढंच माझं काम. उजवा बॅक वर धावला तर त्याच्या जागेकडे सरकायचं. डोक्यावरून उसळून आलेला दुसरा बॉल गोळा करायचा. आपल्या पोट्ट्यांना दम लागला की बॉल आडवा फिरवून त्यांना श्वास घेऊ द्यायचा. बॉल यायच्या आधी एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहायचं, एकदा उजव्या. माल भरलेली हातगाडी पुलावरून उतरते तेव्हा एक जण मागून ओढून धरतो ना, तसं. बघणाऱ्याला वाटतं हा बेटा फुकट लटकला आहे. त्याला हात सोडायला सांगा, मग कळेल.

माझ्या मागे स्टॉपर होता. चार वाट्यांतली मधली, सगळ्यात जुनी वाटी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, गाव कुहीकडे, धंदा टेम्पोचा. दुकानाचा माल खाप्यापासून कुहीपर्यंत पोचवायचा आणि रविवारी डिफेन्स सांभाळायचा. मी त्याला दादा म्हणतो. बारा वर्षं तो माझ्या मागे आणि मी त्याच्या पुढे. मैदानावर तो तीनच शब्द बोलायचा: “डावा”, “उजवा”, “ठेव”. डावा म्हणजे डावीकडून कोणी येऊन राहिला. ठेव म्हणजे बॉल पायात ठेव, घाई नको. ह्या तीन शब्दांवर मी बारा वर्षं खेळलो.

गेल्या वर्षी स्पर्धा सुरू व्हायच्या आधी तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “यंदाचं शेवटचं. गुडघा ऐकत नाही आता. पण मले मैदानातून उभ्यानं जायचं हाय. लोकायनं उचलून नेलं, का बसवून ठेवलं, असं नाही.”

“उभ्यानंच जाशील दादा,” मी म्हणालो. सहज म्हणालो. माणूस असं सहज बोलून जातो आणि मग ते निस्तरत बसतो.

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यातून झालं. टीमच्या माणसानं गोल केला की आमचे दुकानमालक त्याला स्टीलचा एक ग्लास देतात. सोमवारी गोल करणारा ओट्यावर येतो, टीम चहा पिते, आणि त्याच्यासमोर मी त्या ग्लासावर त्याचं नाव टाकतो. समोरच टाकायचं, आधी नाही. लग्न ठरायच्या आधी कोणी आहेराच्या ताटावर नाव टाकत नाही, तसंच हे. बारा वर्षांत मी शेकड्यानं ग्लास केले. माझा एकही नाही. दिव्याखाली अंधार.

मला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं. वाटायचं.

त्या संक्रांतीला आमची बायको स्ट्रायकरच्या घरी हळदीकुंकवाला गेली. आली ती पदर खोचून स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज वाढला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

“अहो, त्याच्या आईनं सगळ्या बायकांले गोलाच्या गिलासात दूध देल्लं,” ती म्हणाली. “चोवीस बाया होतो आम्ही. सगळ्यायले पुरले, वरून उरले.”

“बरं मग?”

“मग काही नाही. मले एक बाई विचारून राहिली होती, तुमच्या घरी किती हायेत म्हणून. म्या म्हटलं, आमच्या घरी मशीन हाय.”

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही, पण जेवण तसंच राहिलं. ती चिडवत होती, एवढंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्याच मनात होतं.

त्यानंतरच्या रविवारी सेमीफायनल होती. शनिवारी दुपारी, ओटा रिकामा असताना, मी दुकानातून एक ग्लास घेतला, कागदावर माझं नाव लिहिलं, मनातल्या मनात स्वतःला वाचून दाखवलं, आणि सुई लावली. फार सुंदर अक्षर आलं. मालकाला सांगितलं, घरी पाहिजे होता. ग्लास किटबॅगेत टाकला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते मीच. गिऱ्हाइकानं घाई केली की अंगावर जाणारा मी, आणि स्वतःची घाई मला दिसली नाही.

समोरच्या टीमचा दहा नंबर म्हणजे बारीक, चपळ पोट्टा. साठ मिनिटं मी त्याला वळू दिलं नाही. तो जिथं जाईल तिथं मी आधीच उभा. तो वैतागून आपल्याच लोकांवर ओरडायला लागला, आणि थांबणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नसतं. स्कोअर शून्य-शून्य. मग एक बॉल उसळून माझ्या पायात आला आणि समोर पाहतो तर रस्ता मोकळा. मागून आवाज आला, “ठेव.”

मी ऐकलं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

मी धावलो. मधली रेघ ओलांडली, आणखी पुढे गेलो, आणि दिसत होतं फक्त किटबॅगेतलं ते अक्षर. बॉक्सच्या बाहेरून मारला. मारला बराच चांगला, पण सरळ कीपरच्या छातीवर. त्यानं तो पकडला आणि लगेच लांब फेकला. बॉल माझ्या डोक्यावरून गेला. मी वळून पाहिलं तर काउंटरवरची ती रिकामी जागा होती, सरांनी बोट ठेवलं होतं तीच, आणि तिच्यात दहा नंबर एकटा. दादा पुढे आला, यावंच लागलं. पोट्ट्यानं बॉल बाजूला सरकवला. दादा वळायला गेला, गुडघा वळला नाही. तो खाली बसला आणि गोल झाला.

दोघांनी धरून त्याला बाहेर नेलं. दोरीपलीकडून कोणीतरी म्हणालं, “म्हाताऱ्याले काहून खेळवून राहिले बे?” लोक हसले.

शून्य-एक. आम्ही हरलो.

पोह्याच्या गाडीवर आमच्याच टीमचे लोक बोलत होते. स्टॉपर स्लो झाला, दहा नंबर सुटला, वळताच आलं नाही. मी पोहे खात होतो. तोंड भरलेलं होतं ही काही सबब नाही. मी गिळून बोलू शकत होतो, पण बोललो नाही. दादा गाडीच्या पलीकडे खुर्चीवर गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यानंही काही सांगितलं नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवस मी मशीनवर बसलो आणि तीन दिवस अक्षर वाकडं आलं. एका तेरवीच्या ताटावर मी ‘स्मरणार्थ’चा रफार चुकवला. गिऱ्हाईक मला बोललं आणि मी ऐकून घेतलं. ओळीतले लोक घाबरले की हा बिमार आहे. चौथ्या दिवशी ग्लास घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांच्यासमोर ठेवला.

सरांनी चष्मा लावून नाव वाचलं. “कधी टाकलं?”

“शनिवारी.”

“मॅचच्या आधी.”

“हाव.”

त्यांनी ग्लास फिरवून पाहिला. मग म्हणाले, “मी लाईनीवर उभा होतो ना. खड्डा कुठं पडला ते मले तेव्हाच दिसलं. तू कधी सांगते, तेवढंच पाहून राहिलो होतो.”

मी म्हणालो, “सर, दादाले आणखी एक वर्ष द्या. तो असा नाही जायला पाहिजे. मी पुढं उभा राहतो. मधली रेघ ओलांडली तर मला काढून टाका.”

“त्याचा गुडघा हाय का एक वर्षाचा?”

“त्याला पळावं लागणार नाही. ते माझ्याकडे.”

सर हसले नाहीत. “ठीक हाय,” म्हणाले. “पण त्या जागेतून एक जरी गोल आला, तर त्यालेही बसवीन आणि तुलेही. आणि हा गिलास घरी न्यायचा नाही. मैदानावरच्या पाण्याच्या कॅनले साखळीनं बांध. सगळे ह्याच्यातून पितील. तुले रोज दिसला पाह्यजे.”

दादाला तयार करायला जास्त वेळ लागला. मी त्याच्या टेम्पोत बसून खाप्यापर्यंत गेलो, माल उतरवला, परत आलो, आणि परतीच्या रस्त्यात सगळं सांगितलं. ग्लासाचं, आणि ‘ठेव’ ऐकू आल्याचंही. त्यानं टेम्पो जरा हळू केला. “मले वाटलं आवाज पोचला नाही,” म्हणाला. नंतर, कन्हान नदी मागे पडल्यावर म्हणाला, “एक वर्ष. बस्स.”

मी ते वर्ष जिद्दीनं काढलं. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाचे पाय जलद होत नाहीत, पण मान जलद होऊ शकते. इतवारीच्या गल्लीत चालताना मी डावा खांदा, उजवा खांदा करत चालायला लागलो. मागून हातगाडी कुठं आहे, टेम्पो कुठून वळतो, पुढची बाई थांबणार की चालणार. पानठेल्यावरचे पोट्टे विचारायचे, काय भाऊ, कोणी मागं लागलं का? मी म्हणायचो, लागलं आहे. सकाळी प्रॅक्टिसला सर काउंटरवरची मांडणी मैदानात करायचे. आमचे चार जण ग्लास, चार जण वाट्या, आणि मी मधे, दहा-बारा पावलांच्या पट्ट्यात. पट्ट्याच्या कडेला त्यांनी चुना टाकला होता. बॉल माझा असो नसो, चुन्याच्या आत. सुरुवातीला फार राग यायचा. एवढं मोठं मैदान आणि आपल्या वाट्याला ओट्याएवढी जागा. मग लक्षात आलं की ओट्यावर तर मी बावीस वर्षं बसतोच आहे, आणि तिथं बसून सगळी ओळ दिसते.

दम लागला की पाणी प्यायला यायचो. साखळीला माझं नाव लटकलेलं. पोट्टे ओठाला लावायचे आणि मला डोळा मारायचे. टोमणे ऐकले, पाणी प्यायलो, परत चुन्याच्या आत गेलो.

बायकोलाही सगळं सांगून टाकलं. तिनं हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “म्या उगाच बोलली.” मी म्हटलं, तू नाही, मीच ऐकलं जास्त. त्या वर्षी पहिल्यांदाच ती मॅचेस पाहायला आली आणि तिसऱ्या मॅचला म्हणाली, “तुम्ही काहीच करत नाही, पण तुमच्या आसपास त्यायलेही काही करता येत नाही.” सरांनी बारा वर्षांत जे शिकवलं ते तिनं तीन मॅचेसमध्ये ओळखलं.

फायनलला तीच टीम आली. तोच दहा नंबर, आता जास्त तयार झालेला. आमच्या स्ट्रायकरनं पहिल्या हाफमध्ये गोल केला. त्यानंतर ते सगळे आमच्यावर तुटून पडले. दहा नंबर डावीकडे गेला, मी गेलो. तो मागे सरकला तेव्हा मी त्याला सोडून दिलं, कारण तिकडे तो बॉल घेऊन काय करणार, आणि माझी जागा धरली. दादा मागून बोलत होता. डावा. उजवा. ठेव. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो एकदाही पूर्ण धावला नाही. मी धावू दिलं नाही.

शेवटच्या मिनिटांत पुन्हा तसंच झालं. बॉल उसळून माझ्या पायात, समोर मोकळं रान, त्यांचे सगळे आमच्या बाजूला आलेले. मागच्या वर्षीपेक्षाही सोपं होतं. दोरीपलीकडून लोक म्हणाले, “जा बे, जा.” स्ट्रायकर हात करत होता. मागून आवाज आला नाही. दादा काही बोललाच नाही, माझ्यावर सोडलं त्यानं.

मी बॉल पायाखाली दाबून ठेवला. डावा खांदा, उजवा खांदा. उजव्या बॅकला आडवा दिला आणि दोन पावलं मागे आलो. लोक शिव्या घालायला लागले. पुढच्याच क्षणी त्या बॅकच्या पायातून बॉल हिसकावला गेला आणि तो मधे, दहा नंबरकडे आला. मी तिथंच होतो. पाय पुढे केला, बॉल बाहेर गेला. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळानं शिट्टी झाली.

दादा खाली वाकला, मोजे सरळ केले, आणि मैदानाच्या मधून, उभा, सावकाश चालत बाहेर आला. कोणी त्याला हात दिला नाही, त्याला तो लागलाच नाही. मी तोंड धुवायच्या निमित्तानं कॅनकडे गेलो.

सोमवारी ओट्यावर चहा झाला. मी स्ट्रायकरच्या ग्लासावर नाव टाकलं, त्याला मोठ्यानं वाचून दाखवून. मालक दादाला म्हणाले, “तू आता जाऊन राहिला, तर दुकानातलं पाह्यजे ते घे. कढई घे, भाताचा गंज घे.”

दादा म्हणाला, “मले तो कॅनचा गिलास पाह्यजे.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तो ग्लास वर्षभरात पोचा पडलेला, कडेला वाकलेला, साखळीनं ओरखडलेला. मी म्हणालो, “दादा, तो काय नेतो? आणि त्यावर माझं नाव आहे. ते निघत नाही. थांब, नवीन घे, तुझं नाव टाकून देतो, सगळ्यात चांगलं अक्षर काढतो.”

“माहं नाव मले माहीत हाय,” तो म्हणाला. “बारा वर्षं म्या तुई नुसती पाठ पाह्यली. आपल्या जर्सीवर नाव कुठं असते गा, नंबरच असते. आता घरी बसून नाव पाहीन.”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी पक्कड घेतली आणि साखळीची कडी उघडली.